घेऊन वीस दिवस नाही झाले, इंजिन बसलं

नाशिकमध्ये डीलरकडून ३.५ लाखांना जुनी डिझेल गाडी घेतली. कसारा घाटात धूर सोडून बंद पडली. मेकॅनिकने डिपस्टिक काढली, तर ऑइल दुधाळ चहासारखं! हेड गॅस्केट (इंजिनमध्ये पाणी नि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलंय म्हणाला. डीलर म्हणतो, ‘आहे तशी’ विकली. बाबांचे निवृत्तीचे पैसे होते हो. काय करू?

— ताई, इंजिन आत्ताच खोलू देऊ नका. आधी फोटो, मेकॅनिकचं लेखी मत, मग डीलरला नोटीस.

— १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोष आधीचाच होता, हे मात्र दाखवावं लागेल.

— जाहिरातीत ‘इंजिन एकदम ओके’ होतं. स्क्रीनशॉट आहे!

— तोच जपा.