मदत हवी आहे: रॉटवायलरच्या पायाच्या हाडात गाठ. सोनोग्राफीत बघून सुई घालावी की थेट बायोप्सी?

मंडळी, कराडहून लिहितोय. आमचा सुलतान, रॉटवायलर, वय ८ वर्षं, वजन ४६ किलो. दिवाळीनंतर उजव्या पुढच्या पायाने लंगडायला लागला. मुरगळलं असेल म्हणून डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं. गोळ्या चालू होत्या तोवर बरा चालला, थांबल्या की पुन्हा तेच. आता मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला लिंबाएवढी कडक सूज आहे. हात लावला तर गरम लागते आणि तो पाय ओढून घेतो. झोपून उठला की पहिली काही पावलं तीन पायांवरच टाकतो. तरी गेट वाजलं की धावायला बघतो, ते बघवत नाही.

एक्स-रे काढलाय. रेडियस (पुढच्या पायाचं कोपर ते मनगटातलं हाड) याचं मनगटाकडचं टोक आतून पोखरलेलं दिसतं. वरचा कडक थर एका जागी तुटलाय आणि तिथून नव्या हाडाचे काटे मांसात शिरलेत. सांधा शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, ऑस्टिओसार्कोमाच वाटतोय. कुत्र्यांत हाडाचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, मोठ्या जातींत जास्त, आणि ही त्याची नेहमीची जागा. पण हाडात बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग झाला तरी एक्स-रे असा येऊ शकतो, हेही तेच म्हणाले. नुसत्या एक्स-रेवर पाय काढायला मन धजत नाही.

बायोप्सीला (हाडाचा तुकडा काढून तपासायला) पूर्ण भूल, जाड सुई, आणि आधीच पोकळ झालेलं हाड नंतर मोडायची भीती. म्हणून दुसरा मार्ग विचारतोय. धड हाडावरून सोनोग्राफीच्या लहरी माघारी फिरतात, पण गाठीने वरचा थर खाल्लाय तिथून त्या आत जातात. ती फट पडद्यावर शोधून तिथूनच बारीक सुई घालून तपासणीसाठी पेशी काढता येतात, असं कळलं. कुणी आपल्या कुत्र्याचं हे करून घेतलंय का? रिपोर्ट ठाम आला का? शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आम्हाला जवळ आहे, तिथला कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १

मी पशुवैद्यक आहे. तुमच्या वर्णनावरून सुलतानसाठी आधी सुईचीच तपासणी करावी असं माझं मत आहे. थर तुटलाय म्हणजे सुईला वाट आहे. बहुतेक वेळा गुंगीचं इंजेक्शन पुरतं. सुई गाठीच्या मध्यात गेली पाहिजे. कडेला नुसतं प्रतिक्रियेने वाढलेलं हाड असतं, तिथला नमुना फसवतो. सोनोग्राफीचा खरा फायदा इथेच आहे, सुईचं टोक कुठे आहे ते दिसत राहतं आणि रक्तवाहिन्या चुकवता येतात.

एक लक्षात ठेवा. कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर निर्णय घेता येतो. नाही सापडल्या तर 'कॅन्सर नाही' असा अर्थ काढू नका, मग बायोप्सी करावीच लागेल. सुईने काढून काचेवर पसरलेल्या पेशी अल्कलाइन फॉस्फटेजच्या (हाड बनवणाऱ्या पेशींत असणाऱ्या एका एन्झाइमच्या) रंगाने तपासता येतील का, हे लॅबला आधी विचारा. त्याने कॅन्सर हाडाच्याच पेशींचा आहे का हे ठरवायला मदत होते.

त्याआधी छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढून घ्या: डावी कूस, उजवी कूस आणि पाठीवर किंवा पोटावर झोपवून. फुप्फुसं स्वच्छ दिसली तरी सुमारे ९० टक्के कुत्र्यांत सूक्ष्म पसरण आधीच झालेली असते, म्हणून पाय काढल्यावर केमोथेरपी सुचवतात. नुसता पाय काढला तर कुत्रं साधारण ४-५ महिने जगतं, केमोसकट १० ते १२ महिने; ही मध्यम आकडेवारी, म्हणजे निम्मी कुत्री याहून जास्त जगतात. दुखणं मात्र पाय काढल्यावर जातं आणि बहुतेक कुत्री तीन पायांवर चांगली रुळतात.

तोवर जिना आणि उड्या बंद. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नकोत, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक काहीच नाही.

धागाकर्ता

डॉक्टर, मनापासून आभार. आज घरच्यांशी बोलून आधी छातीचे एक्स-रे काढतो. शिरवळला फोन करताना 'हाडाच्या गाठीतून सोनोग्राफीत बघून सुई घालता का' असंच नेमकं विचारू ना? आणि सुई घालायच्या आधी रक्ताची कोणती तपासणी हवी?

प्रतिसाद १

हो, असंच विचारा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) प्लेटलेटसकट, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, आणि रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज. ते वाढलेलं असेल तर आजार जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते, केमोचं ठरवताना उपयोगी पडेल. एक्स-रेची मूळ फिल्म किंवा सीडी सोबत न्या, मोबाइलवरचा फोटो चालत नाही.