एम२० चं ऑइल टाकीतून सम्पमधे (इंजिनच्या तळाशी) उतरून राह्यलं, काय करू?

गिर्डरवाला
नमस्कार मंडळी. गाडी बीएसए एम२० मोटारसायकल, १९४२ ची, आजोबांच्या वेळपासून घरात आहे. एप्रिलपासून शेडमधे झाकून उभी होती, आपल्या नागपूरच्या उन्हात ती काढायची हिंमतच होत नाही. पोळ्याला म्हटलं चला काढू. ऑइल टाकीचं झाकण उघडलं तर तळाशी जेमतेम बोटभर ऑइल. खाली फरशीवर तर एक डाग नाही, तेव्हाच डोकं चालायला पायजे होतं, पण नाही चाललं अन् मी दीड लिटर नवीन ओतून दिलं. किक एवढी जड की इंजिनमधे कोणी गूळ भरला की काय असं वाटे. आठ-दहा किकनंतर सुरू झाली अन् सायलेन्सरमधून असा निळा धूर निघाला की शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडल्या, काय जाळून राह्यला रे बाप्पा. अन् दोनेक मिनिटांत टाकीच्या झाकणातून ऑइल बदबदा बाहेर, सणासाठी घेतलेल्या नवीन पॅन्टचा उजवा पाय पूर्ण गेला.
मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागते. ऑनलाइन एक स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह मिळते, टाकीच्या नळीत बसवायचा, तो घेऊ का? की इंजिन खोलू?

जुनी_किक
रिंगा बिंगा काही नाही भाऊ, इंजिनला हात लावू नको. तुझं ऑइल कुठं गेलंच नव्हतं, टाकीतून खाली क्रँककेसमधे, म्हणजे इंजिनच्या पोटात, जाऊन बसलं होतं, अन् तू वरून अजून दीड लिटर ओतलं. सुरू झाल्यावर पंपानं खालचं सगळं उचलून टाकीत फेकलं, टाकीत जागा नाही, मग पॅन्टवर येणार नाही तर कुठं जाईल?
हे इंजिन ड्राय सम्प आहे, म्हणजे ऑइल सम्पमधे नाही, वेगळ्या टाकीत राहते. टाकी वर, पंप खाली, अन् पंप गिअरवाला. चालू गाडीत एक जोडी ऑइल क्रँककडे ढकलते अन् दुसरी जास्त रुंद जोडी सम्पमधलं उचलून टाकीत परत पाठवते. गाडी उभी राहिली की पंप बंद, पण टाकीतल्या ऑइलचं वजन त्याच्यावर आहेच, अन् गिअरच्या बाजूनं केसभर फट असतेच, नवीन पंपातही असते. त्या फटीतून थेंब थेंब खाली. हे होऊ नये म्हणून बीएसएनं पंपाच्या पुढं क्रँकच्या वाटेवर एक स्टीलचा बॉल अन् स्प्रिंग दिली आहे. त्या बॉलखाली कचऱ्याचा एक कण जरी अडकला किंवा ऐंशी वर्षांत सीटला, म्हणजे बॉल बसतो त्या जागेला, खड्डा पडला तरी तो बॉल असून नसल्यासारखा. आधी तोच काढून पाहा. त्याच मापाचा नवीन बॉल टाक, जुना सीटवर ठेवून पितळेच्या दांड्यानं हलकी एक टिचकी दे म्हणजे सीट गोल होते, मग तो जुना फेकून दे. स्प्रिंग ओढून लांब करायची नाही, बरेच लोक तसंच करतात अन् मग क्रँकला ऑइल कमी जाते.
अन् यापुढं टाकी रिकामी दिसली तर आधी सम्प पाहायचा, ओतायचं नंतर.

लेथवाला_काका
वरचं बरोबर आहे, एक जोडतो. बॉल नवा टाकूनही उतरत असेल तर पंप काढून पाहा. जाड काच घ्या, त्यावर ८०० नंबरचा पॉलिश पेपर थोडं ऑइल लावून ठेवा अन् पंपाच्या बॉडीचा चेहरा आठच्या आकड्यासारखा फिरवा, चार-पाच फेऱ्या, मग पुसून पाहा. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. जास्त घासलं तर गिअर जाम होतात, बोटानं फिरवल्यावर किंचित अडून फिरला पाहिजे, मोकळा गरगर फिरला तर फट बाकी आहे. बसवताना पंपाखाली कागदी गॅस्केटच, सिलिकॉन बिलकुल नाही. एका गिऱ्हाइकाच्या पंपाचं भोक मी सिलिकॉनच्या शेवयांनी बंद झालेलं पाहिलं आहे.
अजून एक बॉल सम्पमधून ऑइल उचलणाऱ्या नळीत असतो, तो चिकटला की चालू गाडीतही सम्प भरत जातो, तो आजार वेगळा. बारीक तारेनं खालून हळूच ढकला, हलला तर ठीक.

अमरावती_रोड
मी टाकीच्या नळीत कॉक (हातानं बंद-चालू करायची तोटी) लावला होता, साधा पितळेचा. उतरणं शंभर टक्के बंद. दोन वर्षं मस्त चाललं. मग एका रविवारी पाहुण्यांना गाडी दाखवायच्या नादात कॉक उघडायचा विसरलो, धरमपेठेतून निघालो अन् वाडीच्या पुढं पिस्टन जाम, मागचं चाक घासत गेलं, ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून हे टाइप करून राह्यलो. रोलरचा बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) वाचला, बुशवाला ट्विन (दोन सिलिंडरवाला) असता तर रॉड बाहेर आला असता. कॉक लावायचाच असेल तर त्याच्या दांडीला स्विच लावून मॅग्नेटोच्या (स्पार्क देणाऱ्या यंत्राच्या) कटआउटला जोड, कॉक बंद असेल तर स्पार्कच येणार नाही. नुसती किल्लीला चिठ्ठी बांधून भागत नाही, माझ्या किल्लीला चिठ्ठी होती.

गिर्डरवाला
बाप रे. मग तो स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह तर बरा ना, त्यात विसरायचं कामच नाही?

लेथवाला_काका
माझं मत विचाराल तर नको. बीएसएचा बॉल पंपाच्या पुढं आहे, पंप त्याला दाबानं उघडतो. तुमचा ऑनलाइनवाला पंपाच्या मागं, ओढणाऱ्या बाजूला बसणार. घिसलेला पंप ढकलतो बरा पण ओढतो कमी, त्याला ती स्प्रिंग उघडली नाही तर कॉक बंद ठेवल्यासारखंच झालं, अन् कॉक निदान डोळ्यांना दिसतो. वर्षानुवर्षं वापरणारे लोक आहेत, मान्य. मी दुसऱ्याच्या गाडीत बसवून देत नाही.

फुटाळा_बुलेट
जुन्या बुलेटवाल्यांनी हसू नका, तुमचंही तेच आहे, फक्त टाकी वेगळी लटकलेली नाही, क्रँककेसच्या आतच कप्पा आहे. माझी महिनाभर उभी राहिली की तीच बोंब.
ऑइलचं पण पाहा. २०डब्ल्यू-५० हे गरम झाल्यावर ५० सारखं असते, पण उभ्या गाडीत ४० डिग्रीला सरळ एसएई ५० त्याच्याहून जाड असते. आपल्याकडे मे महिन्यात शेडमधेच ४२-४३ असते, २०१३ ला तर नागपूर ४७.९ ला गेलं होतं, अशा गर्मीत पातळ ऑइल पळतच जाणार. जाड टाकल्यानं थांबत नाही, उशिरा होते, एवढंच. बाकी आठवड्यातून एकदा फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारली तर यातलं काहीच करावं लागत नाही.

जुनी_किक
हाव, चक्कर हेच औषध. अन् सम्प प्लेटला मधोमध ड्रेन बोल्ट करून घे लेथवर, म्हणजे दर वेळी चार नट अन् गॅस्केट नाही. बोल्टची लांबी मोजून घे, आत वर आला तर ऑइल उचलायच्या नळीचं तोंड बंद होईल. सुरू केल्यावर टाकीत डोकावून पाहायचं, आधी सलग धार पडते, सम्प साफ झाला की थुकथुक करत हवेसकट पडते. थुकथुक सुरू झाली की मगच निघायचं अन् लेव्हल पण तेव्हाच पाहायची.

गिर्डरवाला
अपडेट देतो. बॉल काढला, त्याच्या खाली काळ्या चिकट गाळात एक चकचकीत धातूचा कीस बसला होता, नखावर घेतला तर दिसे न दिसे एवढा. नवीन बॉल टाकला, सीट बसवली, पंपाला अजून हात नाही लावला. प्लेटला बोल्ट करून घेतला. आठ दिवस उभी ठेवून काल सकाळी खाली पातेलं लावून बोल्ट खोलला तर चहाच्या कपाला थोडं कमी निघालं, गाळून टाकीत परत ओतलं. चौथ्या किकला सुरू, धूर अर्धा मिनिट, मग साफ. व्हॉल्व्हची ऑर्डर कॅन्सल केली. आता काकूंना सांगायचं राह्यलं की गाडी विकून राह्यलो नाही, त्या रोज विचारतात.

अमरावती_रोड
पॅन्टचं काय झालं?

गिर्डरवाला
गाडी पुसायला ठेवली.