गाइड निवडताना एच-इंडेक्स किती बघायचा?

मेघा_अंबरनाथ
नमस्कार. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली आहे, इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्रात, पीएचडी करायची आहे. आईचं डायलिसिस चालू आहे म्हणून मुंबई सोडता येणार नाही. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका सरांचे १८० पेपर, गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ४१. दुसऱ्या मॅडमचे ३४ पेपर, एच-इंडेक्स १४. घरचे म्हणतात, सरांकडेच जा. पण मॅडमनी मला फ्लो सायटोमीटरसमोर, म्हणजे एकेक पेशी तपासून मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसवलं होतं. स्क्रीनवर टी-पेशींचे ठिपके होते. त्यांनी गेट, म्हणजे कोणते ठिपके मोजायचे ते ठरवणारी चौकट, जरासं उजवीकडे सरकवलं आणि टक्का ९ वरून ४ वर आला. म्हणाल्या, "बघ, हा आकडा माझ्या हाताने हलतो. म्हणून आधी कंट्रोल, तुलनेचा नमुना." ते डोक्यातून जात नाहीये. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

सचिन_ठाणे
सरांकडे जा. पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेला) अर्ज केला की समोरचा आधी गाइडचं नाव वाचतो. मी छोट्या लॅबमधून आलो, ४० मेल टाकले, उत्तरं आली ३.

निवृत्त_परळ
मेघा, परळच्या एका प्रयोगशाळेत माझी ३१ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एच-इंडेक्स ४१ म्हणजे ४१ पेपर असे, की प्रत्येकाला किमान ४१ सायटेशन आहेत, म्हणजे इतर पेपरांनी त्याचा तितक्या वेळा संदर्भ दिलाय. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. वयाबरोबर ते वाढू शकतं, घटत कधीच नाही. त्यामुळे साठीला आलेले सर आणि चाळिशीतल्या मॅडम एका तागडीत घालू नकोस. शिवाय नाव कितवं आहे हे ते माप विचारत नाही. ४० लेखकांत सत्ताविसावं नाव असलं तरी सगळी सायटेशन खात्यात जमा होतात. स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसवर बघशील तर आकडा बहुधा कमी दिसेल, कारण गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटसुद्धा (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे) मोजतं.

आज रात्री एक काम कर. दोघांचे गेल्या १० वर्षांतले पेपर उघड आणि फक्त नावं वाच. आपल्या क्षेत्रात सहसा शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं, पहिलं ज्याने हाताने काम केलं त्याचं. प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक पेपर पहिल्या नावाने मिळालाय का, आणि किती वर्षांनी, ते बघ. रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, वेगळे काढ, त्यांना सायटेशन भरपूर मिळतात.

हे मी कळवळून सांगतेय, कारण १९९४ साली एका पेपरसाठी उंदरांच्या प्लीहा मी काढल्या, रात्री दोनला एलायझाच्या प्लेट मी वाचल्या, आणि छापून आला तेव्हा माझं नाव पाचवं होतं. त्याला अजून सायटेशन मिळतात. दर वेळी पोटात तुटतं.

आणि जर्नलच्या नावाने दिपून जाऊ नकोस. कोंबडीच्या शेपटाजवळ एक पिशवी असते, बर्सा. ती काढलेल्या कोंबड्या अँटिबॉडी करत नाहीत हे ब्रूस ग्लिक आणि टिमथी चँग यांच्या लक्षात आलं. 'सायन्स' या नामांकित जर्नलने त्यांचा पेपर परत पाठवला. १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला, आणि कितीतरी वर्षं इम्युनॉलॉजीवाल्यांनी तो वाचलाच नाही. आज अँटिबॉडी करणाऱ्या पेशींना आपण बी-पेशी म्हणतो त्यातला 'बी' त्या बर्साचा. सायटेशनच्या आकड्यावरही सगळं ठरत नाही, आपल्या मुंबईचंच बघ. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये बॉम्बे रक्तगट हा दुर्मिळ रक्तगट मांडला. आता रक्तपेढीतला तंत्रज्ञसुद्धा ते नाव घेतो, मूळ पेपरचं सायटेशन देतो कोण?

मेघा_अंबरनाथ
ताई, काल रात्री दीडपर्यंत बसले. सरांच्या १० वर्षांतल्या ९६ पेपरपैकी ५८ मध्ये त्यांचं नाव मधेच कुठेतरी आहे, २२ रिव्ह्यू आहेत. उरलेल्या १६ मध्ये विद्यार्थ्याचं नाव पहिलं असलेले ७. मॅडमच्या १७ पैकी ११ मध्ये पहिलं नाव विद्यार्थ्याचं, आणि पाचही विद्यार्थी त्यात आहेत. पण एका मुलीला पहिल्या पेपरसाठी ६ वर्षं लागलीत.

सचिन_ठाणे
हे मी माझ्या वेळी मोजायला हवं होतं. माझ्या गाइडकडे तिघांना एकही पेपर पहिल्या नावाने मिळाला नव्हता. मला वाटायचं लॅब छोटी म्हणून उत्तरं येत नाहीत. माझा वरचा सल्ला मागे घेतो.

निवृत्त_परळ
६ वर्षं का लागली ते त्या मुलीलाच विचार, मॅडमना नको. पेपरवर ईमेल नसेल तर लॅबमधल्या कुणाकडून तरी नंबर मिळेल. फोन करायच्या आधी तिचा पेपर नीट वाच, आणि पहिल्या आकृतीत गेट कशाच्या आधारे लावलंय, कंट्रोल दाखवलाय की नाही, ते बघ. दाखवला असेल तर मला इथे लगेच कळव. तुझ्या आईची तब्येतही कळव.