वेगळ्या गटाचा कौल कोणी द्यायचा?
अभियंत्यांना वेगळा वाटाघाटी गट (ज्यांच्या वतीने कामगार संघटना मालकाशी एकत्र बोलणी करते असा कर्मचाऱ्यांचा गट) दिल्यास कामगारांची एकजूट फुटेल, अशी भीती काहींनी व्यक्त केली आहे; ती मला रास्त वाटते. पण अमेरिकेच्या कायद्यातील एक तरतूद चर्चेत आलेली नाही. तेथील कामगार संबंध मंडळ एरवी कर्मचाऱ्यांचे पर्यवेक्षक, वेतन आणि कौशल्य सारखे आहे का व ते एकमेकांच्या जागी काम करतात का, हे तपासून गट ठरवते. मात्र १९४७ च्या दुरुस्तीनुसार, अभियंत्यांसारख्या व्यावसायिक कर्मचाऱ्यांना त्यांच्याच बहुमताशिवाय इतरांच्या गटात घालता येत नाही. त्यामुळे त्यांच्या मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात: इतरांसोबत एकाच गटात यायचे का, आणि कामगार संघटनेने आपले प्रतिनिधित्व करावे का. पहिल्या प्रश्नाला बहुमताने नकार मिळाला, तर दुसऱ्याची मते त्यांच्या स्वतंत्र गटासाठी मोजली जातात. संख्येने थोड्या असलेल्यांना आधी विचारणे, हेच मला न्याय्य वाटते.