आयडल ड्रायव्हरचा पॅच रिव्ह्यूला आलाय, नेमकं कुठे बघू?

नवखा_हेक्स:
लिनक्समध्ये रिकाम्या सीपीयूला झोपवणाऱ्या सीपीयूआयडलचा पॅच पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलाय. आर्म बोर्ड, जेमतेम ४० ओळी. डब्ल्यूएफआयच्या (इंटरप्ट येईपर्यंत कोअर झोपवणारी सूचना) आधी लेखकाने इंटरप्ट उघडणारं लोकल_आयआरक्यू_इनेबल() घातलंय. म्हणतो, इंटरप्ट बंद असतील तर कोअर जागा कसा होणार? मला पटलं. बोर्ड झोपतो, उठतो. फक्त कधीमधी सिरियल कन्सोलवर दाबलेलं अक्षर अडकतं. केबल बदलून पाहू का? आणि टार्गेट रेसिडन्सीचे (झोप परवडायला किमान किती वेळ झोपावं) आकडे कसे पडताळायचे?

जुनी_खोड:
केबल बिचारी निर्दोष आहे. पुढची कळ दाबली की दोन्ही अक्षरं एकदम उमटतात ना? मग ती ओळच काढायला सांग.

आर्मवर इंटरप्ट मास्क, म्हणजे बंद, केलेले असले तरी पेंडिंग (हाताळायचा बाकी) इंटरप्ट आला की डब्ल्यूएफआय संपतं. म्हणून आयडल लूप आधी इंटरप्ट बंद करतो, मग नीड_रीशेड() (दुसऱ्या थ्रेडला चालवायचंय का) तपासतो आणि तसाच झोपतो. मध्येच इंटरप्ट उघडले की फट पडते. त्या फटीत हँडलर धावतो, शेलच्या थ्रेडला उठवतो, नीड_रीशेड लागतो, आणि आपण मात्र बेफिकीर झोपी जातो. एक्स८६वर हॉल्टला (तिथली झोपेची सूचना) इंटरप्ट उघडे लागतात, पण तिथे एसटीआयचा (इंटरप्ट उघडणारी सूचना) परिणाम पुढच्या सूचनेनंतरच होतो, म्हणून एसटीआय आणि हॉल्ट चिकटून लिहितात. लेखकाच्या डोक्यात बहुतेक तेच असावं.

अशी ओळ मीही एकदा पास केली होती. टिक (ठरावीक वेळाने येणारा टायमर इंटरप्ट) चालू होता, एचझेड २५०, म्हणजे सेकंदाला २५० टिक, उशीर झालाच तर फार तर ४ मिलिसेकंद. कुणाला कळणार! रिकाम्या सीपीयूवरचा टिक थांबवणारं नो_एचझेड लावल्यावर तोच उशीर सेकंदांत गेला. शोधायला प्रिंट घातली तर बग गायब, वर आरसीयूची (कर्नेलची लॉकशिवाय वाचू देणारी यंत्रणा) तक्रार, कारण त्या टप्प्यात आरसीयू सीपीयूकडे बघतच नसतो.

खोल_झोप:
सहमत. अपयशाची वाटही वाच, माणसं तीच वाचत नाहीत. सीपीयू_पीएम_एंटर() (कोअर बंद होतोय हे बाकी ड्रायव्हरांना कळवणारं) फसलं तर ते झालेलं स्वतःच मागे फिरवतं. त्यावर पुन्हा सीपीयू_पीएम_एक्झिट() मारायचं नाही. कोअर बंद झालाच नाही तर ऋण एरर परत कर, म्हणजे सिसएफएसमधला (कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या फाइल्स) रिजेक्टेड काउंटर वाढेल. काही जण शून्य देतात आणि ती झोप उथळ स्थितीच्या खात्यात जमा होते.

आकड्यांचं म्हणशील तर तिथलाच अबव्ह काउंटर बघ. तो झपाट्याने वाढत असेल तर खोल स्थिती निवडून टार्गेट रेसिडन्सीच्या आतच उठावं लागतंय. पण रेसिडन्सीचा आकडाच खरा आहे का, हे काउंटर सांगत नाही. त्यासाठी पुरवठ्याच्या रेलवर करंट मोजावा लागेल. लेखकाने कुठे मोजलं ते विचार.

नवखा_हेक्स:
हो, दोन्ही अक्षरं एकदमच येतात! ओळ काढली, रात्रभर टाइप करणारी स्क्रिप्ट लावली, एकही अडकलं नाही. आकडे शेजारच्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमधून (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) उचललेले निघाले. पॅच परत पाठवलाय.