अनुभव धागा: तुम्हाला अभ्यंग (ख्रिस्ती विधीत आशीर्वादित तेल लावतात तो) कधी झाला, तेव्हा काय वाटलं?

वसईची पोर: आमच्याकडे फादर तेलाची डबी घेऊन दारात आले की शेजारी समजतात, झालं, आटपलं. बाबांच्या बायपासच्या आदल्या रात्री मी फादरना बोलावलं तर आई भडकलीच, म्हणे ते काय मरायला टेकलेत का? अगं आई, १९७२ पासून विधीच नवा आहे, शेवटच्या घटकेची वाट बघायची नाही, मोठ्या ऑपरेशनआधीही घेता येतो, पण ऐकतंय कोण. फादरनी कपाळाला नि दोन्ही तळहातांना तेल लावलं, प्रार्थना झाली, आणि बाबा म्हणतात, फादर, आता चहाचा कप निसटणार हातातून! आई रडता रडता हसली. बाबा आता बरे आहेत, पण मला ती रात्रच सांगायची होती. तुमचे पण लिहा.

सातवी ब: माझं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा विधी. बिशपांनी कपाळावर क्रूस काढला, त्या तेलात बाल्सम, म्हणजे झाडाची सुगंधी राळ असते ना, मस्त वास येतो, म्हणून मी दोन दिवस कपाळ धुतलं नाही. तिसऱ्या दिवशी भावाशी मारामारी. आजी विचारायची, पवित्र आत्म्याची ७ दानं, तुझ्या वाट्याला नक्की कुठलं आलं रे?

नगरकर: आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या चर्चमध्ये तेल फारसं नाही, अभिषेक म्हणजे आत्म्याचा, आणि ख्रिस्त या शब्दाचा अर्थच मुळी अभिषिक्त. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली जे संजीवन झालं, म्हणजे श्रद्धेची मोठी लाट आली, त्यातली एक गोष्ट घरी कायम ऐकलीय, एका मुलीवर आत्म्याचा अग्नी उतरला तर खोलीतली दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, तिला वाटलं ही खरंच पेटली! मला ती बादलीवालीच जवळची वाटते, मी पण तसाच. एका सभेत 'अभिषेकाचं तेल' बाटलीत भरून विकत होते, मी उठून बाहेर आलो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावा म्हटलंय, दर नाही दिलेला.

नाइट ड्युटी: मी नर्स आहे, आयसीयूत. वसईची पोर, तुझ्या आईसारखे नातेवाईक खूप भेटतात, शुद्ध हरपेपर्यंत बोलवतच नाहीत. एक आजी होत्या, फादर आले तेव्हा बेशुद्धच. तळहाताला तेल लावायचं तर सलाइनची चिकटपट्टी आडवी, मी ती जरा उचलून धरली. दोन दिवसांनी गेल्या. मुलगा म्हणाला, मग उपयोग काय झाला सिस्टर? मला काही सुचलं नाही. पण आठवडाभर त्या हाताला आम्ही फक्त सुया टोचत होतो.