मदत हवी आहे: एमजीएच्या सरकत्या खिडक्या, ॲल्युमिनियमची चौकट आणि प्लॅस्टिकच्या काचा

दोरी_ओढा

मंडळी, गाडी एमजीए 1600 ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सन 1960, कापडी टपाची. इंजिन, ब्रेक, वायरिंग मार्गी लागलंय. घोडं अडलंय खिडक्यांपाशी.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिला वरखाली होणाऱ्या काचा नाहीत. दारावर बसवायच्या, हव्या तेव्हा काढून ठेवायच्या खिडक्या असतात. माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या चौकटीचा सरकता प्रकार आहे, आत ॲक्रिलिक. दाराला बाहेरून मूठही नाही. खिडकी सरकवायची, हात आत घालायचा आणि दोरी ओढायची. म्हणजे पल्ला सरकला नाही तर मालकच बाहेर.

आता रडगाणं. चौकट मळकट करडी झालीय, मधूनमधून पांढरे ठिपके आहेत. खालच्या बाजूला स्क्रूंच्या भोवती पांढरी पूड साचलीय. एका स्क्रूची खाचच उरलेली नाही, नुसता गंजाचा गोळा. मेटल पॉलिशने भरपूर घासलं तरी ढिम्म फरक नाही. काचांवर आडवे ओरखडे आहेत, तेही फक्त दोन पल्ले एकमेकांवरून जातात त्या पट्ट्यात. शिवाय उन्हात तिरकं पाहिलं की आत चंदेरी केसांसारख्या चिरा चमकतात. टपाची मागची मऊ काच पिवळी पडलीय ती वेगळीच.

चौकट चमकवायची कशी आणि काचा वाचतील की नव्या कापायच्या? मूळ भाग टिकले तर बरं वाटेल, पण हट्ट नाही.

दहाअकराचा पाना

पॉलिशने फरक पडत नाही याचा अर्थ वर ॲनोडायझिंग असणार. तो थर म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, धातूपेक्षा कितीतरी कठीण. तुम्ही घासताय ते थराला, धातूपर्यंत पोहोचतच नाही आहात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज पार जात असेल तर बीप देणारी सेटिंग) ठेवा आणि दोन्ही टोकं चौकटीला हलकेच टेकवा, टोचू नका. बीप आला नाही तर थर शाबूत आहे, कारण त्यातून वीज जात नाही.

थर काढायला कॉस्टिक सोडा. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम पुरतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. प्लॅस्टिकचं भांडं, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि काम उघड्यावर, कारण हायड्रोजन सुटतो. आधी काच, रबर, नमदा (पल्ला ज्या चरीत सरकतो तिच्यातली जाड लोकरी पट्टी) आणि जस्ताचा मुलामा असलेलं जे काही असेल ते काढून ठेवा. सुरुवातीला शांतता असते. थर गेला की एकदम जोरात बुडबुडे येतात. तेव्हा लगेच बाहेर काढा, नाहीतर चौकटच खाल्ली जाईल. वर काळपट साय दिसेल, घाबरू नका, घासताना जाते.

मग वॉटर पेपर ओला करून क्रमाने 400, 600, 1000, 1500 नंबरचा. एका पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. निम्मे लोक इथेच घाई करतात आणि शेवटी बफला, म्हणजे चमकवायच्या कापडी चाकाला, शिव्या देतात. बफ फिरवताना चौकटीची कड चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवा. उलटी धरली तर चाक पट्टी हिसकावून घेतं आणि तिचा पार वेटोळा करतं.

बेंझीनवलय

चौकटीबद्दल पाना यांच्याशी सहमत. काचेचं मात्र दोन रोग वेगळे धरून बघा.

आडवे ओरखडे वरचे आहेत. नमद्यात अडकलेली बारीक वाळू पल्ल्याबरोबर मागेपुढे फिरते, म्हणून ते सरकण्याच्या दिशेतच आहेत. हे निघतात. नखाला लागत असतील तर 1000 पासून, नसतील तर थेट 2000 पासून सुरू करा, मग 3000, मग प्लॅस्टिकचं पॉलिश. पाणी भरपूर वापरा, मशीन हळू. ॲक्रिलिक साधारण 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि बफखाली ते तापमान यायला वेळ लागत नाही.

चंदेरी चिरांना क्रेझिंग म्हणतात. त्या आत उतरलेल्या असतात. ताण अधिक द्रावक, या जोडीने होतात. स्क्रू करकचून आवळलेला आणि वरून अल्कोहोलचा किंवा अमोनियाचा काच-क्लीनर मारला की झालं. पेट्रोलचा बोळाही तेच करतो. धुवायला साबणाचं पाणी, बाकी काही नाही. आता सांगा, चिरा सगळीकडे आहेत की भोकांपाशीच?

दोरी_ओढा

मल्टिमीटर लावला. बाहेरून बीप नाही, पांढऱ्या ठिपक्यांवर मात्र येतो. म्हणजे थर आहे पण फाटका.

काचांमागे टॉर्च धरून पाहिलं. पुढच्या पल्ल्यांत चिरा नाहीत, फक्त ओरखडे. मागच्या दोन स्थिर काचांत प्रत्येक स्क्रूच्या भोकातून चिरा पंख्यासारख्या पसरल्यात, एक तर कडेपर्यंत पोहोचलीय.

बेंझीनवलय

मग उत्तर तुमचं तुम्हीच दिलंत. पुढच्या ठेवा आणि पॉलिश करा, मागच्या नव्या कापा. कडेपर्यंत गेलेली चीर एक दिवस तुकडा पाडणारच. कोणी ज्योतीने कड चमकवायचा सल्ला देईल, तो ऐकू नका. दिसते झकास, पण आत ताण भरून ठेवते.

तिसरा गिअर

ॲक्रिलिकऐवजी पॉलिकार्बोनेट हे दुसरं पारदर्शक प्लॅस्टिक का नाही? फुटत नाही.

दहाअकराचा पाना

फुटत नाही, पण ओरखडे झटकन पडतात, आणि इथे तर पल्ला सतत घासत जाणार. वरचा कोटिंगचा थर गेला की उन्हात पिवळंही पडतं. मी ॲक्रिलिकच घेईन.

नवी काच कापताना भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा. हिशेब सांगतो: अर्धा मीटर ॲक्रिलिक 40 अंशांच्या फरकाने सुमारे 1.4 मिमी वाढतं, ॲल्युमिनियम अर्धा मिमीच्या आत. उरलेला जवळजवळ एक मिमी कुठेतरी जायला हवा. भोक घट्ट असेल तर तो चिरांमध्येच जातो. नायलॉनचा वॉशर घाला, स्क्रू बोटाने आवळून वर जेमतेम पाव फेरा.

तो गंजाचा गोळा ओढून काढू नका. भेदक तेल (गंजात झिरपून स्क्रू सैल करणारं) टाकून रात्रभर ठेवा, नाहीच निघाला तर मधोमध ड्रिल. पांढरी पूड लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आल्यामुळे होते. स्टेनलेस स्क्रू लावलात तरी मधे पेस्ट किंवा मेण हवंच, स्टेनलेसनेही ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

दोरी_ओढा

समजलं. चमकवल्यावर लॅकर मारू का?

दहाअकराचा पाना

नको. कडेने सुटतं आणि खालून बुरशीसारखे डाग पसरतात. मेण लावा, अधूनमधून परत लावा. कायमचं हवं असेल तर पॉलिशनंतर पुन्हा ॲनोडायझिंग करून घ्या, फक्त आधी सगळे डेंट काढून घ्या. नंतर ठोकलं तर थर तडकतो.

बेंझीनवलय

मागची मऊ काच पीव्हीसी आहे. तिचा पिवळेपणा वरचा नसतो, उन्हाने सगळी जाडीच बदललेली असते. पॉलिशने धूसरपणा कमी होईल, रंग जाणार नाही. टपाचं कापड धड असेल तर तेवढा तुकडा उसवून नवा शिवून घ्या. टप मिटताना मधे मऊ फडकं घाला आणि थंडीत कडक झालेली असताना दुमडू नका.

दोरी_ओढा

मागच्या काचांचे पुठ्ठ्याचे नमुने आजच काढतो. नमदा दोन्ही बाजूंचा बदलणार. जुना जाडीला दबलेला आहे, मग नवा किती जाडीचा घ्यायचा? चर मोजून ठरवू की पल्ला घालून?

दहाअकराचा पाना

पल्ला घालून. पॉलिशने काच थोडी पातळ झालेली असेल, त्यामुळे आधी तिचं काम संपवा आणि मग नमदा कापा.